कारणाचा रकाना

टॅबवर बारा रकाने.
अकरा भरायला वेळ लागत नाही:
नाव, वय, आधार, जात, बापाचा धंदा.
बारावा कारणाचा. मूल शाळेत का नाही.
तिथे एकच अंक मावतो.
एक म्हणजे गरिबी, दोन स्थलांतर,
तीन घरकाम, चार अभ्यासाची आवड नाही,
नऊ म्हणजे इतर.

जुलै लागला तरी कूलर खिडक्यांतून उतरले नाहीत.
कळमन्याच्या मार्केटमागे, रेल्वेलाइनच्या कडेला
हे माझं सदतिसावं घर.
दारात समीक्षा कुमरे, वय अकरा,
कडेवर भाऊ, बोटं मिरचीनं लाल.
"मॅडम, मले ओळखलं?"

ओळखलं.
तिसरीत होतीस, खिडकीजवळ,
खिचडीत वाटाणे मोजायचीस.

तिची आई सातऱ्यावरून आत्ताच आली आहे.
देठ खुडायचे, किलोमागे पैसे.
पदराला हात पुसत सांगते,
"आपली शाळा बंद केली ना जी त्याईनं.
दुसरी देल्ली, पण लाइन ओलांडा लागते.
मालगाडी उभी राह्यली का पोट्टे खालून जाते.
मोठ्याले पाठवला असता.
पोरगी हाय."

मी तीन दाबते. खोडते.
दोन दाबते. खोडते.

आधी ज्यांच्याकडे व्हॅनचे पैसे होते
ते कॉन्व्हेंटला गेले.
पट घटला, म्हणून एक सर गेले.
एक सर गेले म्हणून दोन वर्ग एका खोलीत आले,
ते पाहून आणखी सात दाखले निघाले.
मग वरून पत्र आलं की पट फारच कमी आहे.
यातलं कारण कोणतं, साहेब,
आणि त्याचा अंक कोणता?

आणि त्या व्हॅनमध्ये सगळ्यांत आधी
माझाच सौमिल बसला होता.
वर्धा रोडला त्याच्या शाळेत मैदान आहे,
मैदानावर पाणी मारायला टँकर येतो.
त्याची फी मी समीक्षाला शिकवून भरली.
शिकवून म्हणजे,
जेवढे दिवस शिकवू दिलं तेवढे.

"आता तिथी झाडू ठेवते," समीक्षा सांगते.
"अन् ते मच्छरचं मशीन.
मी खिडकीतून पाह्यलं.
फळ्यावर तुमचीच तारीख हाय."

कुठली तारीख, मी विचारत नाही.

"पाढे येतात का अजून?"
"सतरापर्यंत."
"अठराचा?"
"तो तुम्ही सोमवारी घेणार होत्या."

त्या सोमवारी मला मतदार यादीवर लावलं.
यादीनंतर हिवतापाच्या सर्वेवर,
मग त्याच यादीच्या दुरुस्तीवर.
परत आले तेव्हा परीक्षा होऊन गेली होती
आणि सगळी पास होती.

उंबरठ्याशी पोतं अंथरलेलं. मी बसते.
अठरा एके अठरा.
ती भावाला दुसऱ्या कडेवर घेते.
अठरा दुणे छत्तीस.
आई मिरच्यांचं सूप बाजूला सारते,
काही न बोलता ऐकते.
अठरा त्रिक चोपन्न, अठरा चोक बहात्तर.
मधेच ठसका लागतो सगळ्यांना एकदम,
छोट्यालाही,
डोळ्यांत पाणी, आणि आम्ही हसतो.
मिरचीनं आलेलं पाणी ते. दुसरं काही नाही.

फोन वाजतो. पर्यवेक्षक.
"किती घरं झाली, मॅडम?"
"छत्तीस."
"फक्त छत्तीस? अहो, इतर टाका आणि पुढे चला."

टॅब लाल अक्षरांत सांगतो:
एक रकाना भरायचा राहिला आहे.
लाइनवर मालगाडी येऊन थांबते,
तिच्या सावलीत अख्खी गल्ली.

"अठरा पाचा नव्वद," समीक्षा म्हणते.
"अठरा सक..."
बोटं मोजते. लाल बोटं.
"एकशे सहा?"

"आठ," मी म्हणते.
"एकशे आठ. पुन्हा म्हण."